विमानांच्या जहाजाला दिलेली काहील

नोकरीच्या आठवणी लिहायला माणसाकडे नोकरीची वर्षं असावी लागतात. माझ्याकडे ती फारशी नाहीत. मी सध्या पुन्हा कॉलेजात आहे, वर्गातल्या मुलांपेक्षा वयानं मोठा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील तेलाचा घाणा चालवतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. म्हणून ‘दिवाळी अंकासाठी काही लिहा’ असं सांगणं आलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. मग वाटलं, मी जी नोकरी केली ती आता कुणाला करायला मिळणार नाही. ती कशी होती एवढं तरी कुठंतरी राहावं.

मी निजामाच्या राज्यात, धाराशिवकडच्या एका तहसील कचेरीत तर्जुमे करत होतो. तर्जुमा म्हणजे भाषांतर. कचेरीचं नाव लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून तिथंच आहेत. हैदराबादला माझं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू असताना गडबडी वाढल्या, वसतिगृह बंद झालं आणि मी घरी आलो. शाळा उर्दूतून झालेली, घरात मराठी, आणि शेजार कानडी बोलणारा. एवढ्या भांडवलावर नोकरी मिळाली.

काम ऐकायला सोपं वाटतं. वरून हुकूम यायचा तो उर्दूत, तोही असा की पहिल्या चार ओळींत नुसत्या पदव्या आणि फारसी शब्द. त्यातला खरा हुकूम शोधायचा. तो मराठीत लिहायचा. मग त्याचंही दोन-तीन वाक्यांत करायचं, कारण दवंडी देणाऱ्याला एका दमात तेवढंच ओरडता येतं. आणि मग, हे कुणी नोकरीला लावताना सांगत नाही, चावडीवर बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हुकूम काढणारा दूर असतो. वाचणारा समोर असतो. लोक त्यालाच विचारतात.

एकदा हुकूम आला की रात्री गावात उजेड दिसू देऊ नये, वरून विमानं जातील. त्या वर्षी रॉकेल औषधालाही मिळत नव्हतं. मी वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, “आमच्यात उजेड न्हाईच. पर पुनवंला काय करायचं ते लिवलंय का?” मी कागद पुन्हा पाहिला. लोक हसले, मीही हसलो. तेव्हा हसू यायचं.

आमचे पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालचे मुख्य कारकून, बिदरकडचे होते. पिकल्या दाढीचे, जेवायला बसताना मला न चुकता हाक मारणारे. चूक दाखवायची तर बोट शब्दावर न ठेवता शेजारी ठेवायचे. मी त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण जहाजाची गोष्ट मला प्रथम त्यांनीच सांगितली, आणि ती त्यांना खरी वाटत होती.

इंग्रज निघून गेले होते. आपलं राज्य आता कुणाच्या हाताखाली नाही, स्वतंत्र देश होणार, असं कचेरीत रोज बोललं जाई. दरबारात नक्की काय ठरत होतं ते मला माहीत नाही. आमच्यापर्यंत आला तो एक हुकूम आणि त्याच्याबरोबर एक छापील चित्र. चित्रात समुद्र होता आणि समुद्रावर एक लांबलचक सपाट जहाज. त्याला शिडं नव्हती. वरचा भाग सारवलेल्या खळ्यासारखा साफ, आणि त्या खळ्यावर पारवे बसावेत तशी विमानं बसलेली. माणूस कुठंच काढलेला नव्हता. हुकमात त्याला ‘तय्यारा-बर्दार जहाज’ म्हटलं होतं. मी बराच वेळ अडलो आणि शेवटी लिहिलं, ‘विमानं अंगावर घेऊन चालणारं जहाज’.

पेशकारांनी चित्र भिंतीला लावलं. मी विचारलं, “साहेब, आपल्या मुलखाला समुद्र कुठं आहे?”

“मिलनेवाला है, बरखुरदार. बंदर की बात चल रही है.”

“आणि नाही मिळालं तर?”

त्यांनी चित्राचा सुटलेला कोपरा भिंतीला दाबला. “जहाज बनेगा तो समंदर भी देना पडेगा ना उनको. उल्टा सोचो नक्को.”

विचारायचं खूप होतं. लाकूडफाट्यापासून रुळांपर्यंत सगळ्याची टंचाई, सरहद्दीवर माल अडलेला, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मिठाच्या गोण्या मोजून सोडत होते. अशा वेळी हे जहाज बांधणार कोण, आणि कशाचं? कशाचं ते हुकमात होतं. प्रत्येक गावानं आपल्याकडचं ‘जरुरीपेक्षा जास्त’ लोखंड सरकारात जमा करावं. खाली यादी होती: गाड्यांच्या चाकांवरच्या जुन्या धावा, मोडके नांगर, मोटेच्या कड्या, पिंपं, आणि गुऱ्हाळाच्या काहिली.

धानवाडीला तो हुकूम वाचायला मी गेलो तेव्हा पौष लागला होता. ओढ्याकाठचं लहान गाव, विहिरींवर थोडा ऊस. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलांच्या चरकात ऊस पिळतात. तो रस मोठ्या उथळ लोखंडी कढईत, म्हणजे काहिलीत, आटवतात. खाली जमिनीत खणलेली भट्टी असते तिला चुलवण म्हणतात. एका वेळच्या रसाला आदण म्हणतात. आदण उतरलं की गूळ. काहील नसेल तर ऊस म्हणजे गोड वैरण, दुसरं काही नाही.

धानवाडीत काहील एकच होती, सगळ्या गावाची. मागच्या पिढीनं वर्गणी करून आणलेली. ती शेतोशेत फिरायची आणि फिरायचा क्रम ठरलेला असायचा. त्या वर्षी ज्या घरातलं कर्तं माणूस गेलं असेल त्या घरचा ऊस पहिला. त्याच्या आधी गावात कुणी चुलवण पेटवायचं नाही. घर उघडं पडलेलं असतं, तेव्हा सगळ्यांचे हात पहिल्यांदा तिथं लागावेत, आणि नव्या गुळाला बाजारात जो भाव असतो तो त्या घराला मिळावा, म्हणून. त्याच्यानंतर बाकीच्यांच्या पाळ्या.

त्या वर्षीची पहिली पाळी पारूबाईची होती. तिचा नवरा श्रावणात गेला. तो आधीपासून खाटेवर होता, त्यामुळं तिचा ऊस सगळ्यांच्या मागून लागला होता.

मी हुकूम वाचला, चित्र दाखवलं. दगडू सुतार गावचा बोलका माणूस. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

“मुन्शी, ह्ये चालवणार कुठं? आमच्या वढ्याला तर गुडघाभर वाळू हाय.”

“नळदुर्गाच्या बंधाऱ्यात हुबं करत्याल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग इमानं वर जायच्या आदीच तुळजापुरात उतरत्याल की. दर्शन करून येत्याल.”

सगळे हसले. मल्लाप्पाअण्णा हसले नाहीत. ते लिंगायत, गावातले थोरले, घरात कानडी आणि चावडीवर मराठी बोलणारे. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

“मुन्शी, तुमी शिकल्यालं. खरं सांगा. हुईल का ह्ये?”

कचेरीचा माणूस म्हणून मी काय बोलावं हे मला माहीत होतं. पण त्यांनी ‘खरं’ म्हटलं होतं. मी हळू आवाजात म्हणालो, “अण्णा, मला नाही वाटत.”

“मग काहील कशाला पायजे?”

मी एवढंच म्हणालो की अर्ज करून बघू, मुदत मागू. अण्णा म्हणाले, “तेवढं करा. ऊस हुबा हाय. पुढचं पुढं.”

अर्ज मी उर्दूत लिहिला. मराठीतून उर्दूत नेताना रडगाणं काढून अदब घालावी लागते, ते मला येत होतं. पेशकारांनी तो स्वतः तहसीलदारांपुढं ठेवला आणि महाशिवरात्रीपर्यंतची मुदत आणली. “जहाज को एक महिना देर होगी तो होगी,” असं म्हणून हसले. माझ्या नोकरीत माझ्या लिहिण्यानं कुणाचं काही भलं झालं असं मला त्याच एका दिवशी वाटलं. मी सायकल घेऊन धानवाडीला गेलो. माझा हिशेब साधा होता. शिवरात्रीपर्यंत अण्णांचा, दगडूचा आणि इतरांचा बराच ऊस गाळून होईल.

माघ लागल्यावर पुन्हा गेलो तेव्हा गावात कुठं धूर दिसेना. चरकही बसवलेला नव्हता. अण्णांचा ऊस इतका पिकला होता की त्याला तुरे येऊ लागले होते. काहील देवळाच्या कट्ट्याला पालथी टेकलेली.

“अण्णा, हे काय? दिवस चाललेत.”

“पारूचा ऊस अजून कच्चा हाय.”

“पण तुमचा तयार आहे.”

“माजी पाळी न्हाय.”

मी समजावू लागलो. हे वर्ष वेगळं आहे, काहील जाणार आहे, निदान ज्यांचा झाला त्यांनी उरकून घ्यावं. मी कॉलेजात शिकलो होतो तसं मुद्देसूद बोललो. पारूबाई तिथंच होती, खांबाआड उभी.

“म्या बी तेच सांगून ऱ्हायले यांना,” ती म्हणाली. “माजं ऱ्हाऊ द्या. तुमी समद्यांनी उरका. माज्यापायी गाव कशाला बुडवता?”

“तू गप बस, पारू,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

दगडू काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. त्याचा ऊस सगळ्यांत जास्त होता, नव्या विहिरीवरचा. मी त्याला म्हणालो, “तुम्ही तरी सांगा.”

“काय सांगू मुन्शी? माजा बाप मेला तवा पैली चूल आमच्या रानात पेटली. मल्लाप्पाअण्णाचा ऊस वाळत हुता तवा. आता म्या कुठल्या तोंडानं म्हणू, माजं आदी करा?”

मग अण्णा मला म्हणाले, “काहील न्हेली तर सरकारनं न्हेली म्हणू. पाळी मोडली तर कुणी मोडली म्हणू?”

मी परत आलो. वाटेत मला त्यांचा राग आला होता, हे लिहून ठेवतो. समोर दिसत असलेलं बुडणं हे लोक हातावर हात ठेवून बघत होते आणि मी आणलेली मुदत मातीत घालत होते. पण मला त्यांना चूक म्हणता येईना. आजही येत नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या वर्गात मिळतं ते मला सापडलेलं नाही.

पारूबाईचा ऊस शिवरात्रीच्या तोंडाशी तुटला. पुरा पिकला नव्हता, पण अण्णांनी एक कांडं चावून पाहिलं आणि मान हलवली. कचेरीच्या गाड्या निघणार होत्या त्याच दिवशी. लोखंड न्यायला निघालेल्या जमादाराबरोबर मला पाठवलं, कारण पोच लिहून द्यायची होती.

आम्ही पोचलो तेव्हा चुलवण पेटलेलं होतं. सगळं गाव पारूबाईच्या रानात. चरकाला दगडूचे बैल, चिपाडं उचलायला बाया, आणि काहिलीत पहिलं आदण. रसावरची मळी काढून झाली होती. जमादारानं काहिलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“उतारो बोलूं क्या?”

मी म्हणालो, “जमादार साहेब, एवढं एक आदण होऊ द्या.”

तो अनुभवी माणूस होता. पगडी काढून बांधावर बसला. कुणीतरी त्याला द्रोणात रस आणून दिला. गुऱ्हाळावर एरवी किती चेष्टा चालते. दगडूनं एकदाच, चुलवणात चिपाड सारणाऱ्याला म्हटलं, “हळू जाळ घाल रं बाबा, आज काय घाई हाय?” कुणी हसलं नाही.

पाक आला. काहिलीच्या कड्यांतून वासे घालून माणसांनी ती उचलली, गूळ वाफ्यात ओतला. दरवर्षी इथून ती तशीच पुन्हा चुलवणावर ठेवतात, आणि शेत संपलं की वाजतगाजत पुढच्या रानात नेतात. माणसं वासे खांद्यावर घेऊन उभी राहिली. कुठं ठेवायची ते क्षणभर कुणाला कळेना. मग जमादारानं गाडीकडं बोट केलं. काहिलीवर पाणी मारलं, ती चरचरली. गाडीत टाकताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ती हळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवली.

पहिला गूळ महादेवाला ठेवून मग घरोघर देतात. आदण एकच, म्हणून एकेकाच्या हातावर खडा आला. पारूबाईनं जमादाराला दिला. मला दिला. गाड्या हलल्या तेव्हा ती बांधावर उभी होती आणि तिचा बाकीचा ऊस तिच्यामागं तोडून पडलेला होता.

त्या वर्षी धानवाडीच्या जनावरांनी ऊस खाल्ला. फार खाल्ला तर पोट फुगतं, तसे दोन-तीन बैलही गेले. दगडू उन्हाळ्यात कामाला लातूरकडं गेला.

लोखंडाचा ढीग कचेरीमागच्या मैदानात होता. पाऊस पडला की त्यातून तांबडं पाणी वाहायचं. जहाजाचा हुकूम पुन्हा आला नाही. आठवण नाही, खुलासा नाही, काही नाही. पेशकारांच्या बैठकीमागची खिडकी त्या मैदानावर उघडायची. पावसाळ्यात त्यांनी ती लावून घेतली. एकदा दुपारी, काम नव्हतं, त्यांनी मला विचारलं, “तुमने देखा है समंदर?”

“नाही, साहेब.”

“मैं भी नहीं देखा,” ते म्हणाले. भिंतीवर चित्र अजून होतं.

भाद्रपदात भारताचं सैन्य आलं आणि निजामाचं राज्य गेलं. त्या आठवड्यात पेशकार कुटुंबासह कुठंतरी निघून गेले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दाराला कुलूपही नव्हतं. त्यांचं पुढं काय झालं, मला आजवर कळलेलं नाही. जे कानावर आलं ते मी खरं मानायचं नाही असं ठरवलं आहे.

नव्या कचेरीत तर्जुमा लागत नव्हता, मराठीच आली होती. नोकरी सुटायच्या आधी मी अण्णांना बोलावून घेतलं. वाटलं, आता आपलं राज्य आहे, काहील परत मागता येईल. अण्णा आले, दगडूलाही घेऊन आले. ढीग उपसून काहील शोधली. ती सगळ्यांत खाली होती आणि वरच्या भारानं तिचं बूड तडकलं होतं. दगडूनं बोटानं वाजवून पाहिलं.

“ठिगळ बसंल,” तो म्हणाला. “लोहार गाठून येतो.”

नवे साहेब तरुण होते, खादीचे कपडे, फार सभ्य. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही सरकारजमा वस्तू आहे, मागच्या सरकारची असली तरी. लिलाव होईल, तेव्हा तुम्हीही बोली लावा. बोली लागली ती सगळ्या ढिगाची मिळून. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं घेतला. एकेका काहिलीची बोली लावायची सोय नव्हती.

मी पुन्हा कॉलेजात आलो. इथल्या वाचनालयात वर्तमानपत्रं येतात. मध्यंतरी एकात छापून आलं होतं की आपला नवा देश मोठं आरमार उभारण्याचा विचार करतो आहे, त्यात विमानं उतरतील असं जहाजही असावं. चित्रही होतं. तेच सपाट खळं, तेच पारवे. माझे वर्गमित्र आनंदानं वाचत होते. मी त्यांच्यात मिसळलो नाही. ह्या देशाला समुद्र आहे, मला माहीत आहे. जहाज नकोच असं मी म्हणत नाही, म्हणण्याइतकं मला कळतही नाही. पण ह्या चित्रातही माणूस काढलेला नव्हता, आणि मी कागद घडी करून जागेवर ठेवला.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा धानवाडीला जाऊन अण्णांना हे सांगितलं. ते थकले आहेत. देवळाच्या कट्ट्यावर बसले होते, जिथं काहील टेकलेली असायची तिथं.

“ह्या सरकाराला समुद्र हाय म्हणता?”

“आहे, अण्णा.”

“मग हुईल बी.” मग त्यांनी विचारलं, “लोखंड कुठलं घेणार?”

“ते छापलेलं नाही.”

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, गावानं पुन्हा वर्गणी करून काहील का आणली नाही. ते म्हणाले, ऊस आता कुणी लावत नाही. ज्वारी लावतात, ती खायला होते. विषय संपला असं वाटून मी उठलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

“आन् आणली असती तरी आता अवघडच हाय. त्यानंतर गावात चार घरं उघडी पडली. दगडूची बायकू गेली. त्यांची पाळी कवा येणार?”

“का? काहील आली की येईल.”

“पारूचा ऊस कुठं सपला?” अण्णा म्हणाले. “एकच आदण झालं. पाळी अजून तिचीच हाय.”